पऱ्हाटी पेटवू नका, कोळसा करा! खत मातीत धरून ठेवणारा ‘बायोचार’ कसा बनवायचा, कोणत्या जमिनीत टाकायचा?

कपाशीची शेवटची वेचणी झाली की पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर ढीग लागतो. थोडीफार चुलीसाठी घरी येते, बाकीच्या ढिगाला काडी लागते आणि दोन तासांत राख होते. हीच पऱ्हाटी कमी हवेत जाळली तर राखेऐवजी कोळसा मिळतो. शेतीसाठी बनवलेल्या या कोळशाला बायोचार म्हणतात. तो खत नाही, पण टाकलेलं खत मुळाजवळ धरून ठेवायला मदत करतो. मात्र कच्चा टाकला किंवा चुकीच्या जमिनीत टाकला तर फायद्याऐवजी पीक पिवळं पडू शकतं. म्हणून आधी माहिती घ्या, मगच खड्डा खणा.

खत कसं टिकतं?

हलक्या, मुरमाड रानात युरिया टाकला आणि मागून जोरदार पाऊस आला की बरंचसं नत्र पाण्यासोबत खाली निघून जातं. पैसे जातात, पीक उपाशी राहतं. बायोचारच्या कणात डोळ्यांना न दिसणारी असंख्य बारीक छिद्रं असतात. त्यात पाणी मुरतं, जिवाणूंना आसरा मिळतो. कोळशाच्या पृष्ठभागावर ऋण भार असतो. त्यामुळे अमोनियम रूपातलं नत्र, पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं त्याला चिकटून राहतात आणि मुळं ती हळूहळू घेतात. नायट्रेट रूपातलं नत्र मात्र तो तितकं धरत नाही. म्हणून बायोचार टाकला तरी युरिया एकदम न देता हप्त्यानेच द्यावा.

शेणखत दोन-तीन वर्षांत कुजून संपतं. बायोचार कुजत नाही म्हटलं तरी चालेल, तो मातीत अनेक दशकं राहतो. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉनच्या जंगलात जुन्या लोकांनी कोळसा, हाडं, खरकटं मिसळून केलेली काळी माती शेकडो वर्षांनंतरही सुपीक आहे.

कोणत्या जमिनीला फायदा?

- हलकी, मुरमाड, वाळूसर जमीन : सर्वांत जास्त फायदा इथेच. पाणी आणि खत दोन्ही टिकतं.
- कोकणातली जांभी, आम्लधर्मी जमीन : बायोचार अल्कधर्मी असल्याने आम्लता कमी होते.
- भारी काळी जमीन : या मातीची चिकणमाती मुळातच अन्नद्रव्यं धरून ठेवते. त्यामुळे फरक कमी दिसतो.
- चुनखडीची किंवा चोपण जमीन : इथे जपून. सामू ८ च्या वर असेल तर बायोचारमधल्या राखेने तो आणखी वाढू शकतो. मग लोह, जस्त पिकाला मिळत नाही. अशा रानात माती परीक्षण केल्याशिवाय टाकूच नये.

खड्ड्यात बायोचार बनवण्याची पद्धत

१. कडब्याची गंजी, गोठा, झाडं यांपासून दूर, वारा नसताना काम करा. वर ४ ते ५ फूट रुंद, खाली निमुळता, अडीच-तीन फूट खोल खड्डा घ्या.

२. पऱ्हाटी, तुराट्या पूर्ण वाळलेल्या हव्यात. ओल्या असतील तर नुसता धूर होतो. प्लास्टिक, रंग लावलेलं लाकूड घालू नका.

३. तळाशी जाळ करून पातळ थर टाका. त्यावर पांढरी राख धरू लागली की लगेच पुढचा थर. वरचा जाळ हवा खाऊन टाकतो, त्यामुळे खालचा कोळसा जळून राख होत नाही.

४. खड्डा भरला, ज्वाळा बसू लागल्या की भरपूर पाणी मारून विझवा. पाण्याची टंचाई असेल तर ओल्या मातीने पूर्ण झाका, कुठेही फट ठेवू नका आणि दुसऱ्या दिवशी उघडा.

५. आत निखारा राहिला तर ढीग पुन्हा पेटतो. पूर्ण गार झाल्याची खात्री होईपर्यंत पोत्यात भरू नका, घरात आणू नका.

चांगला कोळसा हाताने कटकन मोडतो. हाताला तेलकट काळं लागत असेल, डांबरासारखा वास येत असेल तर तो अर्धवट जळाला आहे. तो पुढच्या खेपेला पुन्हा खड्ड्यात घाला. फोडताना तो ओला ठेवा आणि तोंडाला रुमाल बांधा, धूळ छातीत जाते.

कच्चा टाकू नका, आधी मुरवा

सर्वांत मोठी चूक इथेच होते. ताजा कोळसा उपाशी असतो. तसाच शेतात गेला तर जमिनीतलं नत्र आधी स्वतःच धरतो आणि रोपं पिवळी पडतात. त्यासाठी हरभऱ्याएवढे तुकडे करून एक घमेलं कोळशाला एक ते दोन घमेली कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत मिसळा. वरून शेणकाला किंवा गोमूत्राचं पाणी शिंपडा आणि सावलीत तीन-चार आठवडे ओलं ठेवा. आठवड्यातून एकदा उलटापालट करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कोळसा, एप्रिल-मेमध्ये मुरवण आणि पेरणीआधी रानात, असं वेळापत्रक बसतं.

किती मिळतो, कसा टाकायचा?

कोरडवाहू कपाशीची एकरी साधारण ८ ते १२ क्विंटल वाळली पऱ्हाटी निघते. १० क्विंटलमागे दोन ते अडीच क्विंटल कोळसा हाती येतो. प्रयोगांमध्ये एकरी २० ते ४० क्विंटल वापरतात, तेवढा घरी होणं अवघड. म्हणून सगळ्या रानात फेकू नका. पेरणीच्या ओळीत, भाजीपाल्याच्या वाफ्यात, फळझाडाच्या आळ्यात मुळाजवळ द्या. एकदा टाकलेला पुढच्या वर्षीही कामी येतो, दरवर्षी थोडी भर पडते.

हेही लक्षात ठेवा

- बायोचार जमिनीवर फवारायचं तणनाशक शोषून घेतो. त्या ओळीत तणनाशकाचा परिणाम कमी दिसू शकतो.
- पहिल्याच वर्षी रासायनिक खत बंद करू नका.
- कोळशासाठी उभं झाड तोडू नका. जे जाळूनच टाकणार होतो, तेच वापरायचं.
- पऱ्हाटीवरच्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडून राहते. धुऱ्यावर महिनोन्‌महिने ढीग ठेवण्यापेक्षा लवकर कोळसा केला तर तो आसराही जातो.

पहिल्या वर्षी चार-पाच ओळींतच करून बघा. शेजारच्या चार ओळी बिना बायोचारच्या ठेवा, खत-पाणी दोन्हीकडे सारखंच. वेचणीला दोन्हीकडचा कापूस वेगळा मोजा. आपल्या रानाला बायोचार मानवतो की नाही, ते तिथेच कळेल.