शस्त्र घेण्यापूर्वी हाताळून पाहा

शस्त्राचा परवाना मिळण्यास कित्येक महिने लागतात. परंतु तो हाती आल्यावर शस्त्राची निवड मात्र अनेकदा पाच-दहा मिनिटांत उरकली जाते. ही घाई महागात पडते. शस्त्राचा क्रमांक परवान्यावर चढला की ते पायताणासारखे बदलून मिळत नाही. दुसऱ्या परवानाधारकास विकायचे झाल्यास शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार जिल्हादंडाधिकारी किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकास तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात.

दुकानदार प्रथम परवाना पाहतो. त्यावर नमूद असलेल्या प्रकाराचेच शस्त्र दाखविण्यास सांगावे. शस्त्र हाती आले की पहिले काम एकच : ते रिकामे असल्याची स्वतः खात्री करणे. दुकानदाराने आपल्या डोळ्यांदेखत उघडून दाखविले असले तरी पुन्हा पाहावे. यात त्याचा अपमान होत नाही, उलट जाणता विक्रेता अशा ग्राहकाला मान देतो. पिस्तूल असल्यास आधी मॅगझिन काढावे आणि मगच स्लाइड मागे ओढून नळीच्या तोंडाशी काडतूस नाही ना, हे पाहावे. हा क्रम उलटला तर मॅगझिनमधील काडतूस नळीत शिरू शकते. नळी कोणाच्याही दिशेने, अगदी काउंटरपलीकडच्या नोकराकडेही, वळू देऊ नये. बोट चापाबाहेर असावे आणि पाहणी चालू असताना काडतुसे काउंटरवर नसावीत.

रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत खरी परीक्षा मुठीची. नळी मनगट आणि हाताच्या सरळ रेषेत ठेवून तर्जनीचे पहिले पेर चापावर सहज पोचते का, हे पाहावे. त्यासाठी मूठ फिरवावी लागत असेल तर ते शस्त्र त्या हाताचे नव्हे. कानपूरला तयार होणारे ०.३२ बोअरचे जुन्या धाटणीचे रिव्हॉल्व्हर नळीसह खाली मोडून उघडते. २०१४ मध्ये आलेले ‘निर्भीक’ साधारण ५०० ग्रॅमचे, तर २०२३ मधील ‘प्रबळ’ची काडतुसांची चक्री बाजूला उघडते. हलके शस्त्र पर्समध्ये बरे वाटते. परंतु हलक्या शस्त्राचा धक्का हाताला अधिक जाणवतो. महिलांना सरसकट हलके शस्त्र सुचविण्याची पद्धत म्हणूनच तपासून घ्यावी.

घोडा न चढविता चाप ओढला तर ओढ लांब आणि जड असते. दुकानदाराची परवानगी घेऊन, तो दाखवील त्या भिंतीकडे नेम धरून चाप ओढून पाहावा. घोडा पडण्याच्या क्षणी नेम हलला तर ती ओढ आपल्या बोटाला जड आहे. ०.२२ बोअरच्या शस्त्रावर हा प्रयोग करू नये. रिकाम्या नळीत पिनेचा आघात थेट काठावर बसतो. बारा बोअरसाठी बनावट काडतुसे मिळतात, ती मागावीत.

बारा बोअरची दुनळी घेताना दस्त्याची लांबी महत्त्वाची. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावावी आणि मग उघडावेत. नळीच्या टोकावरील मणी नजरेसमोर सरळ दिसला तर बंदूक अंगाला बसली. मान वाकडी करावी लागली तर दस्ता बेताचा नाही. नंतर नळ्या मोडून उजेडाकडे धराव्यात. आतून पोचे किंवा गंजाचे खड्डे दिसता कामा नयेत.

जुने शस्त्र असेल तर डोळा अधिक चिकित्सक हवा. घोडा सावकाश चढविताना सहाही घरांत चक्री नेमकी अडकते का, ते पाहावे. बंद केलेली दुनळी बिजागरीशी हलू नये. शस्त्रावरील क्रमांक कानशीने घासलेला वाटला तर किंमत कितीही कमी असो, तेथून निघावे.

पसंती झाल्यावर बिलावरील क्रमांक शस्त्रावरील क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा आणि मुदतीत ते परवाना देणाऱ्या कार्यालयास दाखवून नोंद करून घ्यावी. मुंबई-पुण्यात हे काम पोलीस आयुक्तालयात, तर ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी कार्यालयात होते.