कुंडल रोड : एका स्थानकाचे हरपलेले नाव

आमच्या विट्यास आगगाडी कधी आली नाही. दक्षिण मराठा रेल्वे कंपनीने 1880 नंतरच्या दशकात पुणे-मिरज मार्ग टाकला, तो कृष्णाकाठच्या सखल मुलखातून. आमचा माळ बाजूस राहिला. सोने-चांदी शुद्ध करण्याच्या गलाई धंद्यासाठी परमुलखी जाणाऱ्या समाजबांधवांना आधी खोऱ्यात उतरावे लागे. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात तेथील एका स्थानकाचे नाव ‘कुंडल रोड’ असेच येई. वेळापत्रकात ते नाव आता शोधून सापडत नाही.

गाव रुळांपासून दूर असले म्हणजे कंपनी स्थानकाच्या नावास ‘रोड’ जोडी. (उतारूने ते वाचून पुढील पायपिटीचा अंदाज करावा!) कुंडल हे त्या वेळी औंध संस्थानातील गाव. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी 1910 मध्ये याच स्थानकाजवळ कारखाना उभारला. औंधाधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी त्यांना जमीन व कर्ज दिले. जमीन कसली, निवडुंगाने माजलेला माळच तो! परंतु रूळ जवळ होते. लोखंडाचे नांगर घडवावयाचे, तर कच्चे लोखंड व कोळसा बाहेरून आणणे आणि तयार माल दूरदूर धाडणे आलेच. बैलगाडीच्या भरवशावर हा व्याप चालता ना. पुढे 1920 मध्ये येथूनच ‘किर्लोस्कर खबर’ मासिक निघाले. माळावर वसाहत वाढली आणि अखेर स्थानकही ‘किर्लोस्करवाडी’ झाले.

त्या उद्योगाचे यश आम्हांस अभिमानास्पदच वाटते. तथापि कुंडल हे काही पुसून टाकण्यासारखे नाव नव्हे. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे ते प्रमुख केंद्र, क्रांतिअग्रणी जी. डी. बापू लाड यांचे गाव. 7 जून 1943 रोजी तुफान सेनेने पगाराची रक्कम नेणारी गाडी लुटली, ती याच मार्गावर, उत्तरेस शेणोली येथे. ज्या गावच्या तरुणांनी रेल्वेला असा हिसका दाखविला, त्या गावाचे नाव रेल्वेच्या पाटीवर नसावे, हे आमच्या मनास लागते. मिरज-पंढरपूर मार्गावर ‘जत रोड’ हे नाव अद्याप टिकून आहे, हे विशेष.

1971 मध्ये हा मार्ग रुंदमापी झाला आणि मीटरमापी रूळही गेले. ज्या समाजबांधवांच्या घरी ‘कुंडल रोड’ असा पत्ता असलेली जुनी पत्रे, मालाच्या पावत्या वा तिकिटे असतील, त्यांनी ती रद्दीत न घालता आम्हांस अवश्य कळवावे.