बारामतीची हुकलेली पेशवाई

बारामतीत ‘घराणं’ आणि ‘पद’ हे दोन शब्द एकत्र आले की कुणालाही १७४० साल आठवत नाही. त्या वर्षी पेशवेपद कऱ्हेकाठी येता येता राहिलं.

२८ एप्रिल १७४० रोजी रावेरखेडीला थोरले बाजीराव वारले. मागे कीर्ती राहिली, तसा कर्जाचा डोंगरही. मोठ्या सावकारांपैकी एक होते बाबूजी नाईक जोशी बारामतीकर. ते परके नव्हते. बाजीरावांची बहीण भिऊबाई त्यांच्या भावाला, आबाजी नाईकांना दिलेली होती. नाईकांनी रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने पेशवेपद मागितलं आणि भटांना अडवायला कर्जाचा तगादा लावला.

मागणी तशी गैर नव्हती. पेशवेपद हे काही वतन नव्हे. १७१३मध्ये बाळाजी विश्वनाथांना ते मिळालं, तेव्हा ते पिंगळ्यांकडून भटांकडे आलं होतं. मग भटांकडून जोश्यांकडे का जाऊ नये?

जपानच्या फुजिवारा घराण्याने हा प्रश्न वेगळ्या प्रकारे सोडवला होता. सम्राटाला मुली द्यायच्या, नातू गादीवर बसवायचा आणि त्याच्या नावाने आजोबांनी कारभार पाहायचा. १०१८पर्यंत मिचिनागाच्या तीन मुली सम्राज्ञी झाल्या होत्या. घराणं गादीच्या नात्यातलंच असल्यावर त्याला हलवणार कोण?

भटांना ही वाट बंद होती. छत्रपती मराठा, पेशवे ब्राह्मण; सोयरीक होणं शक्यच नव्हतं. त्यांच्या मुली गेल्या त्या बारामतीच्या सावकारांकडे आणि इचलकरंजीच्या घोरपड्यांकडे. अशा सोयरिकीतून मोहिमांना पैसा आणि माणसं जोडली जातात, पण गादीवर हक्क मिळत नाही. उलट व्याही स्वतःच पदासाठी उभा राहू शकतो. नाईक उभे राहिले ते असे.

शाहू महाराजांनी २५ जूनला वस्त्रं नानासाहेबांना दिली. कर्जाची तोंडमिळवणी महादोबा पुरंदऱ्यांनी केली. बाप, मुलगा, नातू अशा तीन पिढ्या झाल्यावर पेशवेपद भटांचंच, हे ठरून गेलं. पुढे कर्नाटकाची कामगिरी नाईकांना मिळाली, पण ती त्यांना साधली नाही.

आज नाईकांचं नाव निघतं ते कऱ्हेकाठच्या वाड्यामुळे आणि त्यांनी आश्रय दिलेल्या मोरोपंतांमुळे. कवी मोरोपंत शाळेत सगळ्यांना भेटतात. त्यांचा आश्रयदाता पेशवेपदाच्या उंबरठ्यावरून परतला होता, हे मात्र बारामतीतही कुणी सांगत नाही.