बाजारभाव आणि नभोवाणी

बोरघाटांतून आलेला माल पनवेलच्या बंदरीं होडींत चढे व मुंबईस जाई. भावाची वार्ताही पूर्वीं त्याच होडीच्या गतीनें परत येई. १८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी संपल्याचें कळतांच मुंबईंत कापूस व शेअर दोन्ही कोसळले, तेव्हां बातमी उशिरां मिळण्याची किंमत घरोघर समजली. तारायंत्रानें वेग वाढला खरा; पण तार ज्याच्या नांवची त्याच्याच हातीं पडे.

२३ जुलै १९२७ रोजीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें मुंबई केंद्र सुरू झालें. श्रोत्यास यंत्राखेरीज वर्षाला १० रुपयांचा परवाना लागे. वीज नसेल तेथें बॅटरी भरून आणण्याची यातायात निराळीच! पुढें नभोवाणीवरून बाजारभाव सांगूं लागले आणि चावडीवर बसलेल्या शेतकऱ्यासही मुंबईचा दर कानीं येऊं लागला. आम्हांस या यंत्राचा पराक्रम गायनापेक्षां येथेंच अधिक दिसतो. मात्र हे भाव बहुधा बाजार उठल्यानंतरचे असत. चालू सौद्याचे आंकडे टेलिफोनवरून फिरत, आणि टेलिफोन असे तो अडत्याच्या पेढीवर, भाताच्या खळ्यावर नव्हे.