वसीम जाफर : धावफलक आणि विश्वास

आपल्याकडे मुलाने हातात बॅट घेतली की घरचे विचारतात, ‘यातून पोट भरेल का?’ मुंबईत बेस्टची बस चालवणाऱ्या एका बापाने मात्र आपला एक तरी मुलगा देशासाठी खेळावा, असे स्वप्न पाहिले. तो मुलगा म्हणजे वसीम जाफर. जन्म १९७८. पंधराव्या वर्षी अंजुमन-ए-इस्लामकडून त्याने नाबाद ४०० धावा केल्या. १९९६-९७ मध्ये मुंबईकडून प्रथम श्रेणीचा दुसराच सामना खेळताना राजकोटला नाबाद ३१४.

कसोटीची वाट मात्र सरळ नव्हती. २००० साली वानखेडेवर दक्षिण आफ्रिकेविरुद्ध पदार्पण झाले, अपयश आले आणि तो वगळला गेला. पहिले शतक २००६ मध्ये नागपूरला झाले. त्याच वर्षी अँटिग्वात २१२, पुढच्या वर्षी कोलकात्यात पाकिस्तानविरुद्ध २०२. ३१ कसोटींत १९४४ धावा. २००८ नंतर ते दार बंद झाले. वय अवघे तीस!

तो खचला नाही. कर्णधार म्हणून त्याने मुंबईला लागोपाठ दोनदा रणजी करंडक मिळवून दिला. २०१५ मध्ये तो विदर्भाकडे गेला. तिथल्या तरुण खेळाडूंत तो वडीलधारा होता. ज्या संघाने कधी करंडक जिंकला नव्हता, त्याने २०१७-१८ आणि २०१८-१९ असा दोनदा जिंकला. दुसऱ्या खेपेस चाळिशीतल्या वसीमच्या १०३७ धावा होत्या. मार्च २०२० मध्ये निवृत्त झाला तेव्हा रणजीत त्याच्या १२,०३८ धावा होत्या. तोवर इतक्या कोणीच केल्या नव्हत्या.

त्याच वर्षी तो उत्तराखंडचा मुख्य प्रशिक्षक झाला. संघनिवडीत हस्तक्षेप होतो, असे सांगून फेब्रुवारी २०२१ मध्ये त्याने राजीनामा दिला. तेव्हा उलट त्याच्यावरच आरोप झाले : धर्म पाहून खेळाडू निवडतो, मौलवी बोलावतो. पत्रकारांसमोर त्याने एकेक आरोप खोडून काढला. अनिल कुंबळेने जाहीर पाठिंबा दिला. बहुतेक मोठी नावे गप्प राहिली. वसीम थांबला नाही, त्याच वर्षी ओडिशाचा प्रशिक्षक झाला.

फलंदाजाच्या बाजूने धावफलक बोलतो. प्रशिक्षकाजवळ असा साक्षीदार नसतो. कोणाला खेळवायचे, कोणाला थांबवायचे, हे तो ठरवतो ते लोकांनी टाकलेल्या विश्वासावर. आम्हा शिक्षकांचेही तेच. चोवीस वर्षे ज्याच्या नावापुढे फक्त धावा लिहिल्या गेल्या, त्याच्याकडे निवडीची जबाबदारी येताच धर्माचा हिशेब मागितला गेला. उत्तर त्याने दिले. पण तो प्रश्न त्याला विचारावासा का वाटला, याचे उत्तर बाकीच्यांनी द्यायचे आहे.