‘हयगय’ आणि मृत्यू : वाहनचालकाच्या बचावाचा इतिहास
१८७० मध्ये भारतीय दंडसंहितेत कलम ३०४अ समाविष्ट झाले, तेव्हा मोटार अस्तित्वात नव्हती. तथापि पुढे अपघाती मृत्यूचा आरोप आलेल्या चालकाचा बचाव त्यातील ‘बेदरकार’ व ‘हयगय’ या कल्पनांभोवतीच उभा राहिला. दुसऱ्याच्या हयगयीची मध्यस्थी नसता आरोपीची कृती हेच मृत्यूचे साक्षात कारण असावे, असे १९०२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी प्रतिपादिले. कारखान्यातील आगीच्या कुर्बान हुसेन खटल्यात १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सूत्र स्वीकारले. त्यामुळे माण तालुक्यातील दहिवडीच्या न्यायालयातही केवळ वेग सिद्ध करून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेने शिक्षेची मर्यादा दोन वर्षांवरून पाचवर नेली. कार्यकारणाचा दुवा सिद्ध करण्याचा भार मात्र अभियोगपक्षावरच राहिला आहे.