फाळणीनंतरचे सिंधी निर्वासित विद्यार्थी आणि मुंबई विद्यापीठ : उच्च शिक्षणातील समावेशनाचा एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

निर्वासित विद्यार्थ्यांना उच्च शिक्षणात सामावून घेण्याचा विचार अलीकडे आंतरराष्ट्रीय पातळीवर गांभीर्याने होत आहे. निर्वासित तरुणांपैकी १५ टक्के तरुण २०३० पर्यंत उच्च शिक्षण घेत असावेत, असे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाचे उद्दिष्ट आहे. २०१९ साली हे प्रमाण अवघे ३ टक्के होते. महाराष्ट्राला मात्र हा प्रश्न नवा नाही. १९४७ च्या फाळणीनंतर कराची व हैदराबाद (सिंध) येथील हजारो हिंदू सिंधी कुटुंबे मुंबई परिसरात आली. त्यांच्या शिक्षणाचा इतिहास बहुधा एका जिद्दी समाजाने शून्यातून उभारलेल्या संस्थांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. ही मांडणी खोटी नाही. परंतु त्या जिद्दीला अनुकूल ठरलेली परिस्थिती तीत झाकली जाते. म्हणूनच ती तपासून पाहणे आवश्यक ठरते.

दप्तर मुंबईतच होते

सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचा भाग होता. प्रांत वेगळा झाल्यावरही तेथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशीच संलग्न राहिली. १८८७ मध्ये कराचीत स्थापन झालेले डी. जे. सिंध महाविद्यालय असो वा तेथील एन. ई. डी. अभियांत्रिकी महाविद्यालय असो, पदवी मुंबई विद्यापीठाचीच मिळत असे. सिंधचे स्वतंत्र विद्यापीठ निघाले ते १९४७ मध्ये, म्हणजे फाळणीच्याच वर्षी. या वस्तुस्थितीचे महत्त्व फारसे लक्षात घेतले जात नाही. कराचीहून बोटीने मुंबईस उतरलेला विद्यार्थी घर, शेती, दुकान सारे गमावून आला होता. परंतु त्याची परीक्षा ज्या विद्यापीठाने घेतली होती, त्याच विद्यापीठाच्या शहरात तो आला होता. अभ्यासक्रम तोच, परीक्षापद्धती तीच आणि इंग्रजी हे माध्यमही तेच होते. आपण कोण व किती शिकलो, हे त्याला परक्या संस्थेला पटवून द्यावयाचे नव्हते.

पंजाबची स्थिती याच्या नेमकी उलट होती. तेथील विद्यापीठ लाहोरला राहिले आणि पूर्व पंजाबला १९४७ मध्ये नवे विद्यापीठ स्थापन करावे लागले. दिवसा नोकरी करणाऱ्या निर्वासितांसाठी या विद्यापीठाने दिल्लीत सायंकाळी भरणारे ‘कॅम्प कॉलेज’ चालविले. निर्वासितांच्या छावण्यांत समाजसेवा करणाऱ्या विद्यार्थ्यांना परीक्षेऐवजी त्या सेवेच्या आधारे पदवी देण्याची सोयही करण्यात आली. विद्यापीठे नियमांना चिकटून बसतात असा सर्वसाधारण अनुभव असताना हा निर्णय धाडसीच म्हणावा लागेल.

शिक्षकही निर्वासितच

मुंबईतील प्रयोगाचे दुसरे वैशिष्ट्य म्हणजे विद्यार्थ्यांबरोबर त्यांचे शिक्षकही आले होते. डी. जे. सिंध महाविद्यालयातून विस्थापित झालेल्या प्राध्यापकांनी १९४८ मध्ये मुंबईत जय हिंद महाविद्यालय सुरू केले. प्राचार्य के. एम. कुंदनानी आणि बॅरिस्टर होतचंद अडवाणी यांच्या पुढाकाराने १९४९ मध्ये वांद्रे येथे नॅशनल महाविद्यालय व १९५४ मध्ये चर्चगेट येथे के. सी. महाविद्यालय उभे राहिले. या संस्थेने ‘हैदराबाद (सिंध) नॅशनल कॉलेजिएट बोर्ड’ हे नाव धारण केले. सुटलेल्या गावाचे नाव असे संस्थेच्या फलकावर राहिले. या महाविद्यालयांत निर्वासित हा दयेचा विषय नव्हता. संस्थेचे चालकच निर्वासित होते.

राज्यघटनेनेही या विद्यार्थ्याची बाजू भक्कम केली. कलम ६ नुसार १९ जुलै १९४८ पूर्वी पाकिस्तानातून येऊन येथे स्थायिक झालेल्या, अविभाजित भारताशी जन्माचा वा पूर्वजांचा संबंध असलेल्या व्यक्तीस नागरिक मानण्यात आले. त्यानंतर आलेल्यांसाठी नोंदणीची तरतूद होती. प्रवेश-अर्जावर ‘परदेशी’ असे लिहिण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

मर्यादा

हे समावेशन सर्वांपर्यंत सारखे पोहोचले नाही. कल्याणजवळच्या लष्करी छावणीत वसविलेल्या व १९४९ मध्ये ‘उल्हासनगर’ असे नामकरण झालेल्या वसाहतीपासून चर्चगेट पन्नास किलोमीटरहून दूर होते. रोजचा रेल्वेप्रवास, त्याचा खर्च आणि घरच्या मिळकतीला हातभार लावण्याची निकड यांमुळे छावणीतील मुलाची, त्याहूनही मुलीची, वाट बिकट होती. वसाहतीतील चांदीबाई महाविद्यालय स्थापन झाले ते १९६५ मध्ये. भाषेचा प्रश्न तर याहून अवघड ठरला. लिपी अरबी-फारसी असावी की देवनागरी, या वादात समाज विभागला गेला आणि आठव्या अनुसूचीत सिंधीला स्थान मिळण्यास १९६७ साल उजाडले.

वर्तमान संदर्भ

पुण्यात शिकणाऱ्या अफगाण विद्यार्थ्यांची स्थिती याच्याशी ताडून पाहता येते. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूलमध्ये सत्तांतर झाले तेव्हा हे विद्यार्थी निर्वासित म्हणून नव्हे, तर परदेशी विद्यार्थी म्हणून येथे होते. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर स्वाक्षरी केलेली नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही येथे नाही. त्यामुळे अभ्यासक्रम संपला की विद्यार्थी-व्हिसाचा आधारही संपतो. सिंधी विद्यार्थ्याचे दप्तर मुंबईत होते. अफगाण विद्यार्थिनीच्या जुन्या गुणपत्रिकेची पडताळणी करावयाची तर पत्र काबूलला पाठवावे लागते. आणि तेथील विद्यापीठांची दारे मुलींसाठी डिसेंबर २०२२ मध्ये बंद करण्यात आली आहेत.